ओरोमो लोकांचा स्वयंनिर्णयाचा लढा

ओरोमो लोकांचा स्वयंनिर्णयाचा लढा ही पूर्व आफ्रिकेतील इथियोपिया या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली राजकीय व सांस्कृतिक चळवळ होय. ओरोमो हा इथियोपियातील सर्वांत मोठा वांशिक समूह आहे. तथापि विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात या समूहाच्या भाषेला राज्यकारभारात, न्यायालयात व शाळेत स्थान नव्हते, आणि त्याच्या जमिनीवरील हक्क मोठ्या प्रमाणावर परक्यांच्या हाती गेले होते. जमीन, भाषा आणि सत्तेतील वाटा हे या लढ्याचे तीन मुख्य विषय राहिले आहेत. 'स्वयंनिर्णय' म्हणजे स्वतंत्र राष्ट्र, संघराज्यातील स्वायत्त राज्य, की केंद्रीय सत्तेत न्याय्य वाटा, याविषयी चळवळीत आरंभापासून मतभेद आहेत. हे मतभेद लक्षात घेतल्याशिवाय तिचा इतिहास नीट उलगडत नाही.

ओरोमो लोक

ओरोमो लोकांची वस्ती मध्य, दक्षिण, पश्चिम व पूर्व इथियोपियात पसरलेली असून बोराना, ओर्मा इत्यादी शाखा शेजारच्या केनिया देशातही राहतात. २००७ च्या जनगणनेनुसार इथियोपियाची लोकसंख्या सुमारे ७.४ कोटी होती आणि तीत ओरोमोंचे प्रमाण सुमारे ३४.५ टक्के, म्हणजे अडीच कोटींहून अधिक होते. त्याखालोखाल असलेल्या अम्हारा समूहाचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते.

ओरोमोंची भाषा अफान ओरोमो या नावाने ओळखली जाते. ती आफ्रो-आशियाई भाषाकुलाच्या कुशिटिक शाखेतील आहे. अम्हारा लोकांची अम्हारिक भाषा त्याच भाषाकुलाच्या सेमिटिक शाखेतील असल्यामुळे या दोन भाषा परस्परांना समजत नाहीत. ओरोमोंमध्ये इस्लाम, इथियोपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ, प्रोटेस्टंट पंथ आणि 'वाका' या एकाच ईश्वराला मानणारा 'वाकेफन्ना' हा पारंपरिक धर्म, असे चारही प्रवाह आढळतात. पावसाळा संपल्यावर जलाशयाच्या काठी साजरा होणारा 'इरेचा' हा कृतज्ञतेचा उत्सव सर्व धर्मांच्या ओरोमोंना एकत्र आणतो. अदिस अबाबाच्या आग्नेयेस असलेल्या बिशोफ्तू येथे त्यासाठी फार मोठा समुदाय जमतो.

जुन्या राजकीय व विद्वत्तापूर्ण लेखनात ओरोमोंचा उल्लेख 'गल्ला' या नावाने केलेला आढळतो. ओरोमो लोक हे नाव अवमानकारक मानतात. आज ते वापरले जात नाही.

गडा व्यवस्था

'गडा' ही ओरोमोंची पारंपरिक शासनव्यवस्था होय. तिच्यात पुरुष आठ-आठ वर्षांच्या वयोश्रेणींमधून पुढे सरकतात. समाज पाच गटांत विभागलेला असतो आणि प्रत्येक गटाकडे आठ वर्षांसाठी सत्ता येते. त्यामुळे चाळीस वर्षांत एक आवर्तन पूर्ण होते. सत्ताधारी गटाच्या प्रमुखास 'अबा गडा' म्हणतात. आठ वर्षे संपल्यावर त्याने सत्ता पुढील गटाकडे सोपवणे बंधनकारक असते. कायदे करण्यासाठी व तंटे मिटविण्यासाठी 'ओडा' नावाच्या उंबरवर्गीय वृक्षाखाली सभा भरत असे. बोराना ओरोमोंची 'गुमी गायो' ही महासभा आजही दर आठ वर्षांनी भरते. स्त्रियांच्या हक्कांचे रक्षण 'सिंके' या संस्थेद्वारे होते. विवाहाच्या वेळी वधूस मिळणारी सिंके काठी हे तिचे प्रतीक आहे.

मानवशास्त्रज्ञ अस्मारोम लेगेसे यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे गडा व्यवस्थेकडे जगभरातील अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. युनेस्कोने २०१६ मध्ये तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. 'सत्ता मुदतीची असते आणि ती परत करावी लागते' हे गडाचे तत्त्व ओरोमो राष्ट्रवादी लेखनात वारंवार पुढे केले जाते. इतर आफ्रिकी समाजांप्रमाणे येथेही प्राचीन काळापासून लोकशाहीची परंपरा होती, असे प्रतिपादन त्यातून केले जाते.

पार्श्वभूमी

सोळाव्या शतकात ओरोमोंच्या शाखा दक्षिणेकडील प्रदेशातून उत्तरेकडे, पूर्वेकडे व पश्चिमेकडे मोठ्या प्रमाणावर पसरल्या. या स्थलांतराचे सर्वांत जुने वर्णन अबा बाह्रे या ख्रिस्ती धर्मगुरूने १५९३ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात आढळते. ते ओरोमोंच्या प्रतिपक्षाच्या दृष्टीतून लिहिलेले आहे. तरीही गडा व्यवस्थेची रचना त्यात बारकाईने नोंदलेली असल्यामुळे इतिहासकार त्याला महत्त्व देतात.

पुढील दोन-तीन शतकांत ओरोमो समाजात मोठे बदल झाले. नैर्ऋत्येकडील गिबे नदीच्या खोऱ्यात लिम्मू-एन्नारिया, जिम्मा, गेरा, गोम्मा व गुमा ही पाच ओरोमो राज्ये एकोणिसाव्या शतकात उदयास आली आणि तेथे गडा सभेची जागा राजाने घेतली. उत्तरेकडे येज्जू घराण्यातील ओरोमो वंशाच्या सरदारांनी गोंदार येथील सम्राटाच्या नावे दीर्घकाळ कारभार चालविला. ओरोमो लोक इथियोपियाच्या राजकारणापासून पूर्वी सर्वस्वी दूर होते, असे म्हणता येत नाही. मात्र बहुसंख्य ओरोमो प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ख्रिस्ती साम्राज्याच्या कक्षेबाहेर होते.

मेनेलिक दुसरा याचा दक्षिण विस्तार

शेवा प्रांताचा राजा व पुढे १८८९ पासून इथियोपियाचा सम्राट झालेला मेनेलिक दुसरा याने १८७० च्या दशकानंतर दक्षिणेकडे राज्यविस्तार केला. युरोपातून मिळविलेल्या बंदुका हे त्याच्या सैन्याचे मुख्य बळ होते. १८८२ मध्ये एम्बाबो येथे त्याने गोज्जाम प्रांताच्या राजाचा पराभव केला. त्यामुळे पश्चिमेकडील ओरोमो प्रदेशावर कोणाचे वर्चस्व राहणार, हा प्रश्न शेवाच्या बाजूने निकालात निघाला. या मोहिमांतील त्याचा सर्वांत कर्तबगार सेनापती गोबाना दाचे हा स्वतः ओरोमो होता. काही ओरोमो लेखक गोबानाला फितुरीचे प्रतीक मानतात, तर इथियोपियाच्या ऐक्याचे समर्थक त्याला राष्ट्रनिर्माता म्हणतात.

सर्व प्रदेशांचे विलीनीकरण एकाच प्रकारे झाले नाही. जिम्माचा राजा अबा जिफार दुसरा याने खंडणी देण्याचे मान्य करून आपली अंतर्गत स्वायत्तता टिकविली. ती १९३० च्या दशकाच्या आरंभापर्यंत कायम होती. लेका-नेकेम्ते येथील राज्यकर्त्यांनीही वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला. याउलट अर्सी ओरोमोंनी १८८२ ते १८८६ या काळात कडवा प्रतिकार केला. आनोले येथे पराभूत लोकांचे हात व स्त्रियांचे स्तन कापण्यात आले, अशी अर्सी प्रदेशातील मौखिक परंपरा आहे. तिच्या स्मरणार्थ २०१४ मध्ये तेथे स्मारक उभारण्यात आले. या घटनेच्या तपशिलाविषयी इथियोपियात तीव्र वाद आहे. जानेवारी १८८७ मध्ये चेलेन्को येथील लढाईनंतर पूर्वेकडील हरार शहर व त्याभोवतालचा ओरोमो प्रदेशही मेनेलिकच्या ताब्यात आला.

१८८६ मध्ये तुलमा ओरोमोंच्या प्रदेशात, 'फिनफिने' नावाच्या उष्ण झऱ्यांजवळ, मेनेलिकची राणी तायतू हिच्या पुढाकाराने नवी वसाहत स्थापन झाली. तिला 'अदिस अबाबा' म्हणजे 'नवे फूल' असे नाव मिळाले. देशाची ही राजधानी ओरोमो लोक आजही फिनफिने या नावानेच ओळखतात.

नेफ्तेन्या-गब्बार पद्धत

जिंकलेल्या प्रदेशात सैनिक, अधिकारी व धर्मगुरू यांना वेतनाऐवजी जमीन व ती कसणारी कुटुंबे नेमून दिली गेली. बंदूकधारी वसाहतकारास 'नेफ्तेन्या' आणि त्याच्यासाठी राबणाऱ्या शेतकऱ्यास 'गब्बार' म्हणत. गब्बाराला धान्य, मध, जळण यांचा वाटा द्यावा लागे आणि मालकाच्या शेतावर व घरी वेठबिगारही करावी लागे. स्थानिक प्रमुखांपैकी ज्यांनी नव्या सत्तेशी जुळवून घेतले, त्यांना 'बलब्बात' म्हणून काही जमीन व करवसुलीचे काम मिळाले. त्यामुळे जमीनदार व कूळ यांच्यातील भेद बव्हंशी भाषा व वंश यांच्या भेदाशी जुळला. पुढील राजकारणात शेतीचा प्रश्न आणि राष्ट्रीयत्वाचा प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता आले नाहीत, याचे मूळ या पद्धतीत आहे.

भाषिक जागृतीचा आरंभ

ओरोमो भाषेतील ग्रंथलेखनाचा पाया ओनेसिमोस नेसिब यांनी घातला. १८५० च्या दशकात जन्मलेल्या ओनेसिमोस यांचे बालपणीच अपहरण होऊन ते गुलाम म्हणून अनेकदा विकले गेले. तांबड्या समुद्रावरील मस्सावा बंदरात १८७० मध्ये त्यांची मुक्तता झाली आणि स्वीडिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. आस्तेर गान्नो या दास्यातून मुक्त झालेल्या ओरोमो विदुषीच्या साहाय्याने त्यांनी संपूर्ण बायबलचे ओरोमो भाषांतर केले. ते १८९९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापले गेले. आस्तेर गान्नो यांनी स्मरणातून लोककथा, म्हणी व गीते लिहून काढली आणि त्यांतून ओरोमो वाचनपुस्तक तयार झाले. ज्या गुलामव्यापाराने या दोघांना घरापासून तोडले, त्याच व्यापारातून पूर्वीच्या शतकांत आफ्रिकेच्या शृंगातील अनेक लोक अरबस्तान व हिंदुस्थानातही पोहोचले होते. दख्खनच्या इतिहासातील 'हबशी' हे नाव त्याचीच खूण आहे.

पूर्वेकडे शेख बक्री सपालो या मुस्लिम विद्वानाने १९५० च्या दशकात ओरोमो भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. शासनाने तिच्या प्रसारास बंदी घातली. तथापि आपल्या भाषेचे ध्वनी परक्या लिपीत नीट उमटत नाहीत, ही जाणीव तिने अधोरेखित केली.

सम्राट हैले सेलासी यांचा काळ

हैले सेलासी यांनी १९३० ते १९७४ या काळात राज्य केले. १९३६ मध्ये इटलीच्या आक्रमणामुळे ते देश सोडून गेले, तेव्हा पश्चिमेकडील ओरोमो प्रमुखांनी एकत्र येऊन 'पश्चिम ओरोमो महासंघ' स्थापन केला आणि आपला प्रदेश राष्ट्रसंघाच्या छत्राखाली ब्रिटिश संरक्षणात घ्यावा, अशी विनंती केली. विनंती मान्य झाली नाही आणि इटलीने तो प्रदेश व्यापला. तरीही आंतरराष्ट्रीय व्यासपीठाकडे ओरोमोंनी केलेली ही आरंभीची राजकीय मागणी म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

१९४१ मध्ये सम्राट परतल्यावर केंद्रीकरणाचे धोरण अधिक कठोर झाले. १९४४ च्या हुकुमाने मिशनच्या शाळांतही अम्हारिक हे अध्यापनाचे सामान्य माध्यम ठरविले गेले आणि १९५५ च्या सुधारित राज्यघटनेने अम्हारिकला राजभाषेचा दर्जा दिला. ओरोमो भाषेत छपाई, अध्यापन व न्यायालयीन कामकाज करण्यास वाव उरला नाही. केवळ ओरोमो जाणणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्याच गावातील खटल्यात दुभाष्यामार्फत बोलावे लागे. स्वतः हैले सेलासी यांच्या पूर्वजांत ओरोमो होते. राजघराण्यात ओरोमो रक्त असणे आणि ओरोमो भाषेला दरबारात स्थान नसणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

बालेचा उठाव

वाढते कर, जमिनीची नोंदणी व जप्ती यांविरुद्ध आग्नेयेकडील बाले प्रांतात १९६३ मध्ये सशस्त्र उठाव सुरू झाला. वाको गुतू हे त्याचे प्रमुख नेते होते. शेजारच्या सोमालियाकडून त्यास शस्त्रे मिळत होती. सात वर्षे चाललेला हा उठाव १९७० मध्ये वाटाघाटी व शरणागतीने संपला. त्यात सोमाली व ओरोमो असे दोन्ही समूह सहभागी होते. त्यामुळे तो कितपत ओरोमो राष्ट्रवादाचा व कितपत शेतकऱ्यांचा उठाव होता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

मचा-तुलमा संघटना

१९६३ मध्ये अदिस अबाबा येथे 'मचा-तुलमा स्वसाहाय्य संघटना' स्थापन झाली. मचा व तुलमा ही ओरोमोंच्या दोन मोठ्या शाखांची नावे आहेत. शाळा, दवाखाने व रस्ते बांधणे हा तिचा घोषित उद्देश होता. कर्नल अलेमू किटेसा व हैले मरियम गमदा हे तिचे आरंभीचे कार्यकर्ते होते. पोलीस दलातील उच्चाधिकारी जनरल तदेसे बिर्रू हे सभासद झाल्यावर तिचा प्रभाव वाढला. १९६२ मध्ये नेल्सन मंडेला लष्करी शिक्षणासाठी इथियोपियात आले होते, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षणाशी तदेसे यांचा संबंध आला होता. स्वतःस निष्ठावान इथियोपियन मानणारे तदेसे, ओरोमोंच्या शिक्षणाविषयी सत्ताधाऱ्यांच्या मनात असलेली भीती कळल्यावर चळवळीकडे वळले, असे सांगितले जाते.

अर्सी, हरार, बाले येथील ओरोमोही संघटनेच्या सभांना येऊ लागले. धर्म व प्रदेश यांच्या भिंती ओलांडून स्वतःस एक समाज म्हणून पाहण्याचा हा पहिला मोठा प्रसंग होता. १९६६ मध्ये राजधानीतील एका चित्रपटगृहात झालेल्या स्फोटानंतर नेत्यांना अटक झाली आणि १९६७ मध्ये संघटनेवर बंदी आली. विद्यार्थी नेते मामो मेझेमिर यांना फाशी देण्यात आली. तदेसे बिर्रू यांना तुरुंगवास झाला. पुढे १९७५ मध्ये नव्या लष्करी राजवटीने त्यांना मृत्युदंड दिला.

त्याच दशकात पूर्वेकडील दिरे दावा शहरात 'अफ्रान कलो' हे कलापथक सक्रिय होते. सार्वजनिक सभेस बंदी असलेल्या काळात लग्नसमारंभांतील गाणी हे भाषेच्या अभिमानाचे साधन बनले. गायक अली बिर्रा यांची कारकीर्द याच पथकातून सुरू झाली.

डर्ग राजवट (१९७४–१९९१)

सप्टेंबर १९७४ मध्ये 'डर्ग' या लष्करी समितीने सम्राटांना पदच्युत केले. 'जमीन कसणाऱ्याला' ही विद्यार्थी चळवळीची घोषणा होती. मार्च १९७५ मध्ये नव्या राजवटीने सर्व ग्रामीण जमिनीचे राष्ट्रीयीकरण करून कूळपद्धत संपविली. दक्षिणेतील ओरोमो शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. नेफ्तेन्या जमीनदारांची सत्ता त्यामुळे संपुष्टात आली. त्याच वर्षी 'बरिसा' हे ओरोमो भाषेतील वृत्तपत्र सुरू झाले.

मात्र राजकीय स्वातंत्र्य मिळाले नाही. १९७३–७४ च्या सुमारास गुप्तपणे स्थापन झालेल्या 'ओरोमो मुक्ती आघाडी'ने स्वतंत्र ओरोमिया प्रजासत्ताकाचे ध्येय जाहीर करून सशस्त्र लढा पुकारला. ओडा वृक्ष हे तिच्या ध्वजावरील चिन्ह आहे. दुसरीकडे हैले फिदा यांच्यासारख्या ओरोमो मार्क्सवाद्यांनी संपूर्ण इथियोपियात क्रांती झाल्याने राष्ट्रीयत्वाचा प्रश्न सुटेल या विश्वासाने डर्गला काही काळ साथ दिली. पुढे त्यांचाही बळी गेला. मेकाने येसूस या प्रोटेस्टंट चर्चचे सरचिटणीस गुडिना तुमसा यांचे जुलै १९७९ मध्ये अपहरण करून हत्या करण्यात आली. आघाडीचे एक संस्थापक बारो तुमसा हे त्यांचे बंधू होते.

१९८० च्या दशकात सरकारने दुष्काळग्रस्त उत्तरेकडील लोकांचे पश्चिम व दक्षिणेत सक्तीने पुनर्वसन केले आणि विखुरलेल्या घरांतील शेतकऱ्यांना नव्या खेड्यांत हलविले. त्यामुळे हजारो ओरोमो सोमालिया व सुदानमध्ये निर्वासित झाले. पुढे युरोप व अमेरिकेत वसलेल्या ओरोमो समुदायाची वाढ याच काळात झाली.

संघराज्य व राज्यघटना

मे १९९१ मध्ये तिग्राय मुक्ती आघाडीच्या नेतृत्वाखालील 'इथियोपियन जनता क्रांतिकारी लोकशाही आघाडी'ने अदिस अबाबा जिंकले. जुलै १९९१ मधील परिषदेत संक्रमणकालीन सनद मंजूर झाली आणि ओरोमो मुक्ती आघाडी हंगामी सरकारमध्ये सामील झाली. परंतु १९९० मध्ये सत्ताधारी आघाडीतच स्थापन झालेली 'ओरोमो जनता लोकशाही संघटना' तिची प्रतिस्पर्धी होती. जून १९९२ च्या प्रादेशिक निवडणुकांत दडपशाही झाल्याचा आरोप करून मुक्ती आघाडीने बहिष्कार टाकला व ती सरकारबाहेर पडली. तिचे हजारो सैनिक बंदी बनविले गेले आणि नेतृत्व परदेशात गेले.

डिसेंबर १९९४ मध्ये स्वीकारलेल्या व ऑगस्ट १९९५ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने भाषा व वंश यांवर आधारित संघराज्य निर्माण केले. ओरोमिया हे त्यातील सर्वांत मोठे राज्य होय. घटनेच्या कलम ३९ नुसार प्रत्येक 'राष्ट्र, राष्ट्रीयत्व व जनसमूह' यांस संघराज्यातून अलग होण्यासह स्वयंनिर्णयाचा बिनशर्त अधिकार आहे. त्याची प्रक्रिया पुढीलप्रमाणे आहे: संबंधित समूहाच्या विधिमंडळाने दोनतृतीयांश बहुमताने मागणी मंजूर करावी, संघ सरकारने तीन वर्षांच्या आत सार्वमत घ्यावे आणि त्यात बहुमत मिळावे. असा अधिकार स्पष्ट शब्दांत देणाऱ्या राज्यघटना जगात फार थोड्या आहेत. तथापि राज्याचे विधिमंडळच सत्ताधारी आघाडीच्या ताब्यात असल्याने हा अधिकार व्यवहारात निरुपयोगी ठरतो, अशी टीका ओरोमो विरोधी पक्षांनी सातत्याने केली.

कुबे लिपी

नोव्हेंबर १९९१ मध्ये ओरोमो विद्वान व कार्यकर्ते यांच्या सभेत अफान ओरोमोसाठी 'कुबे' ही लॅटिनवर आधारित वर्णमाला स्वीकारण्यात आली. इथियोपियाच्या परंपरागत गीझ लिपीत स्वरांची सात रूपे आहेत, पण ऱ्हस्व-दीर्घ भेद व व्यंजनांचे द्वित्व दर्शविण्याची सोय नाही. ओरोमोत पाच स्वर असून प्रत्येकाचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकार आहेत. 'लफ' म्हणजे जमीन आणि 'लाफा' म्हणजे मऊ, असा अर्थभेद केवळ स्वराच्या लांबीवर अवलंबून असतो. भाषाशास्त्रीय कारणांबरोबरच साम्राज्याच्या लिपीपासून अंतर ठेवण्याची राजकीय भूमिकाही या निवडीमागे होती. त्यानंतर ओरोमियात प्राथमिक शिक्षण, प्रशासन व न्यायदान ओरोमोत होऊ लागले. १९९१ नंतर शाळेत गेलेल्या तरुणांना 'कुबे पिढी' असे म्हटले जाते. पुढील आंदोलनांचे नेतृत्व मुख्यतः याच पिढीने केले.

राजधानीचा प्रश्न

अदिस अबाबा हे चहूबाजूंनी ओरोमिया राज्याने वेढलेले, परंतु संघ सरकारला उत्तरदायी असलेले स्वशासित शहर आहे. २००७ च्या जनगणनेनुसार शहरातील रहिवाशांत अम्हारा सुमारे ४७ टक्के, तर ओरोमो सुमारे १९.५ टक्के होते. घटनेच्या कलम ४९ मध्ये शहरासंबंधी ओरोमियाचे 'विशेष हितसंबंध' मान्य केले असून त्यांचा तपशील कायद्याने ठरवावा असे म्हटले आहे. अशा कायद्याच्या अभावी हा विषय दीर्घकाळ लोंबकळत राहिला. २००० मध्ये राज्याची राजधानी अडामा शहरात हलविण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी तीव्र विरोध केला. २००५ मध्ये तो निर्णय फिरविण्यात आला.

शहर वाढत गेले तसतशी सभोवतालच्या ओरोमो शेतकऱ्यांची जमीन वसाहती, कारखाने व फुलशेतीसाठी घेतली जाऊ लागली. घटनेप्रमाणे जमीन राज्याच्या मालकीची असल्यामुळे शेतकऱ्याला ती विकता येत नसे, आणि मिळणारा मोबदला अपुरा असे. शतकापूर्वीच्या भूमिहरणाची आठवण जिवंत असलेल्या समाजात हा प्रश्न केवळ आर्थिक राहिला नाही.

२०१४ ते २०१८ चे आंदोलन

शहर व सभोवतालचा ओरोमो प्रदेश यांचा एकत्रित बृहद् आराखडा २०१४ मध्ये जाहीर होताच अंबो व अन्य शहरांतील विद्यार्थी रस्त्यावर आले. सुरक्षा दलांच्या गोळीबारात अनेक जण मृत्युमुखी पडले. २०११ ते २०१४ या काळात किमान ५,००० ओरोमोंना सरकारविरोधाच्या संशयावरून अटक झाली, असे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने ऑक्टोबर २०१४ च्या अहवालात नमूद केले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये गिंची या छोट्या शहरात शाळेचे मैदान व जवळचे जंगल गुंतवणुकीसाठी देण्याच्या प्रश्नावरून निदर्शने सुरू झाली आणि ती सर्व ओरोमियात पसरली. 'केरो' म्हणजे अविवाहित तरुण. हे नाव आंदोलक युवकांना प्राप्त झाले. मनगटे डोक्यावर एकमेकांवर ठेवणे, ही निःशस्त्र निषेधाची खूण ठरली. जानेवारी २०१६ मध्ये आराखडा मागे घेतला गेला, तरी आंदोलन थांबले नाही. २१ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक मिळविताना धावपटू फेयिसा लिलेसा यांनी अंतिम रेषेवर हीच खूण केली आणि हा प्रश्न जगभर पोहोचला.

२ ऑक्टोबर २०१६ रोजी बिशोफ्तू येथील इरेचा उत्सवात घोषणाबाजी सुरू झाल्यावर सुरक्षा दलांनी अश्रुधूर सोडला. त्यानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत अनेक जण खड्ड्यात व पाण्यात पडून मरण पावले. सरकारने मृतांची संख्या ५५ सांगितली. विरोधकांच्या मते ती कित्येक पटींनी अधिक होती. आठवडाभरात देशात आणीबाणी लागू झाली. इथियोपियाच्या मानवाधिकार आयोगाने एप्रिल २०१७ मध्ये ओरोमिया, अम्हारा व दक्षिणेकडील प्रदेशांतील २०१६ च्या अशांततेत एकूण ६६९ मृत्यू झाल्याचे मान्य केले.

आंदोलनाचा परिणाम सत्ताधारी आघाडीतही झाला. लेम्मा मेगेर्सा यांच्या नेतृत्वाखालील ओरोमो पक्षाने आपल्याच आघाडीतील वर्चस्वाला आव्हान दिले. २०१८ च्या आरंभी मेरेरा गुडिना व बेकेले गेर्बा यांच्यासह अनेक राजकीय कैद्यांची सुटका झाली. फेब्रुवारीत पंतप्रधान हैलेमरियम देसालेन यांनी राजीनामा दिला आणि २ एप्रिल २०१८ रोजी अबिय अहमद पंतप्रधान झाले. ओरोमो ही आपली ओळख उघडपणे सांगणारे ते पहिले पंतप्रधान होत.

२०१८ नंतरचा काळ

नव्या सरकारने ओरोमो मुक्ती आघाडीचे नाव दहशतवादी संघटनांच्या यादीतून काढले. ऑगस्ट २०१८ मध्ये अस्मारा येथे तिच्याशी करार झाला आणि सप्टेंबरमध्ये दाऊद इब्सा आदी नेते मायदेशी परतले. मात्र सैनिकांना निःशस्त्र कसे करावे यावरून वाद होऊन एक सशस्त्र गट वेगळा झाला. तो 'ओरोमो मुक्ती सेना' या नावाने ओळखला जातो. २०१९ च्या अखेरीस अबिय यांनी प्रादेशिक पक्षांच्या आघाडीचे 'समृद्धी पक्ष' या एकाच पक्षात रूपांतर केले. यामुळे राज्यांची स्वायत्तता क्षीण होईल, अशी शंका अनेक ओरोमो नेत्यांनी व्यक्त केली.

२९ जून २०२० रोजी लोकप्रिय गायक हचालू हुंडेसा यांची अदिस अबाबात गोळ्या घालून हत्या झाली. विस्थापन व आत्मसन्मान हे त्यांच्या गीतांचे विषय असल्यामुळे ते केरो आंदोलनाचा आवाज मानले जात. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात मानवाधिकार आयोगाच्या नोंदीनुसार किमान १२३ जणांचा बळी गेला. त्यांत सुरक्षा दलांच्या गोळीबारात मेलेले निदर्शक होते, तसेच ओरोमियातील अल्पसंख्य समूहांतील निरपराध नागरिकही होते. जवार मोहम्मद, बेकेले गेर्बा आदी नेत्यांना अटक झाली. त्यांची मुक्तता जानेवारी २०२२ मध्ये झाली. प्रमुख ओरोमो विरोधी पक्ष जून २०२१ च्या निवडणुकीत उतरले नाहीत.

पश्चिम व दक्षिण ओरोमियात सशस्त्र संघर्ष सुरूच राहिला. मे २०२१ मध्ये संसदेने ओरोमो मुक्ती सेनेस दहशतवादी ठरविले. जून २०२२ मध्ये पश्चिम वोलेगातील तोले येथे शेकडो अम्हारा नागरिकांचे हत्याकांड झाले. सरकारने त्याचा दोष या सेनेवर ठेवला, तर सेनेने तो नाकारला. सरकारी दलांवरही विनाचौकशी हत्या व सामूहिक अटकेचे आरोप आहेत. टांझानियात एप्रिल व नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सेनेच्या एका गटाने ओरोमिया सरकारशी करार केला, परंतु मुख्य गट त्यात सहभागी झाला नाही.

स्वयंनिर्णयाविषयीचे मतप्रवाह

राज्यशास्त्रज्ञ व राजकीय नेते मेरेरा गुडिना यांनी इथियोपियाच्या इतिहासाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी सांगितल्या आहेत. त्यांच्या आधारे या लढ्यातील मतभेद समजून घेता येतात.

राष्ट्रनिर्मितीची दृष्टी: मेनेलिकचा विस्तार म्हणजे एका प्राचीन राष्ट्राचे पुनरेकीकरण होय. तलवारीच्या बळावर झालेले एकीकरण जगात अन्यत्रही घडले आहे. त्यामुळे वंशाधारित स्वयंनिर्णय देशाच्या विघटनास कारणीभूत होईल, असे ही दृष्टी मानते.

राष्ट्रीय दडपशाहीची दृष्टी: ओरोमोंवर अन्याय झाला, परंतु तो एका सामाईक राज्यातील अन्याय होता. त्यावर उपाय म्हणजे लोकशाही, खरे संघराज्य व भाषिक समता. ही दृष्टी स्वतः मेरेरा यांच्या ओरोमो फेडरलिस्ट काँग्रेससारख्या पक्षांना जवळची आहे.

वसाहतवादाची दृष्टी: इथियोपियाने युरोपीय सत्तांप्रमाणेच ओरोमियाला वसाहत बनविले. म्हणून वसाहतमुक्ती, म्हणजे स्वातंत्र्य किंवा निदान त्याविषयीचे सार्वमत, हाच मार्ग होय. असाफा जलाता आदी अभ्यासकांनी ही मांडणी केली असून ओरोमो मुक्ती आघाडीच्या मूळ कार्यक्रमाचा तोच आधार होता.

या तिन्ही दृष्टींसमोर एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. ओरोमियात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अम्हारा, गुरागे, सोमाली व अन्य लोक आहेत, आणि राजधानीत ओरोमो अल्पसंख्य आहेत. त्यामुळे एका समूहाचा स्वयंनिर्णय त्याच भूमीवरील इतरांच्या सुरक्षिततेशी कसा जुळवावा, याचे सर्वमान्य उत्तर सापडलेले नाही. २०१७ मधील ओरोमो-सोमाली सीमासंघर्षात दहा लाखांच्या आसपास लोक विस्थापित झाले. त्यांत दोन्ही समूहांतील कुटुंबे होती.

फलश्रुती

या लढ्याचे सर्वांत टिकाऊ यश भाषेच्या क्षेत्रात दिसते. अर्धशतकापूर्वी जी भाषा छापण्यास वाव नव्हता, तिच्यात आज कोट्यवधी मुले शिकतात आणि न्यायालये चालतात. २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ओरोमोसह आणखी चार भाषांना संघ सरकारच्या कामकाजाच्या भाषा म्हणून मान्यता देण्याचा निर्णय घेतला. सरंजामी जमीनदारी संपली, तरी शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क सुरक्षित झाला नाही. ओरोमो पंतप्रधान सत्तेवर आले, तरी ओरोमियातील सशस्त्र संघर्ष मिटला नाही. त्यामुळे 'आपला माणूस सत्तेत असणे' आणि 'आपण स्वतःवर राज्य करणे' या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न ओरोमो राजकारणात आज विशेषत्वाने चर्चिला जातो. मुदत संपताच सत्ता सोडण्यास बांधील असलेल्या अबा गडाची परंपरा या चर्चेत वारंवार आधारास घेतली जाते.